करविता कोण? कारागृह-व्यवस्थापनाच्या एका खेळाविषयी

आमच्या विद्यापीठातील विज्ञानशाखेच्या एका सहकाऱ्यांनी गेल्या उन्हाळ्यात प्रस्तुत लेखकाला एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता; संगणकावरील 'प्रिझन आर्किटेक्ट' नावाचा खेळ त्याला हवा होता; आणि तो घेऊन द्यावा की नाही, याचा निर्णय घरात होत नव्हता. आईचे म्हणणे असे की, तुरुंग बांधण्यात कसला आला आहे खेळ! मुलाचे म्हणणे असे की, यात नुसती मारामारी नाही, डोके चालवावे लागते. सहकाऱ्यांना दोन्ही म्हणणी पटत होती. भाषाशास्त्राच्या अध्यापकाकडे असा प्रश्न आणण्याचे कारण एवढेच की, आमची खोली त्यांच्या प्रयोगशाळेच्या वाटेवर आहे. परंतु विचार करू लागल्यावर हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला तितकासा परका नाही, असे दिसून आले. किंबहुना, पालकांना आज जी साधने उपलब्ध आहेत ती अपुरी का पडतात, याचे उत्तर व्याकरणाच्या अंगाने अधिक नेमके देता येते, असे आम्हांस वाटते.

या जातीच्या खेळांना आपण 'व्यवस्थापनाचा प्रतिरूप-खेळ' म्हणू. शहर, रुग्णालय, रेल्वे, फुटबॉलचा संघ अशी एखादी संस्था लहान प्रमाणावर पडद्यावर मांडलेली असते. खेळणाऱ्याजवळ ठरावीक पैसा असतो. बांधकाम, नेमणुका, वेळापत्रक आणि दर त्याने ठरवावयाचे असतात. आणि त्या निर्णयांचे परिणाम पडद्यावरील शेकडो चिमुकल्या आकृत्यांच्या वागण्यातून त्याच्यासमोर येतात. 1989 साली विल राइट यांचा 'सिमसिटी' प्रसिद्ध झाला आणि ही जात रूढ झाली. 'प्रिझन आर्किटेक्ट' हा त्याच कुळातला. इंट्रोव्हर्जन सॉफ्टवेअर या ब्रिटिश मंडळींनी तो रचला. 2012 पासून तो अपुऱ्या अवस्थेत विकला जात होता, 2015 मध्ये पूर्ण झाला, आणि 2019 मध्ये त्याचे हक्क पॅराडॉक्स इंटरअ‍ॅक्टिव्ह या स्वीडिश कंपनीने घेतले. त्यातील माणसे बुद्धिबळाच्या प्याद्यांसारखी आहेत, त्यांना हातपाय नाहीत. वरून पाहिले असता सारे चित्र एखाद्या इमारतीच्या नकाशासारखे दिसते.

पालक प्रथम पाहतात ते वयाचे लेबल. अमेरिकेत 1994 पासून आणि युरोपात 2003 पासून अशी लेबले देणाऱ्या संस्था आहेत. भ्रमणध्वनीवरील खेळांच्या बाबतीत बहुधा खेळ करणाराच एक प्रश्नावली भरतो आणि त्या उत्तरांवरून वयाचा आकडा निघतो. या लेबलांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. ती नसण्यापेक्षा असलेली बरी. तथापि त्यांची भाषा लक्षपूर्वक वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. हिंसा, भीती, अपशब्द, जुगार, मादक द्रव्ये: ही सारी नामे आहेत. खेळात काय *आढळते*, याची ती यादी आहे. चित्रपटासाठी अशी यादी पुष्कळ अंशी पुरते, कारण चित्रपटात प्रेक्षक पाहतो आणि ऐकतो, त्यापलीकडे काही करीत नाही. खेळात मात्र मूल काही *करीत* असते. आणि क्रियेचा विचार नामांच्या यादीत सामावत नाही. इअन बोगोस्ट यांनी 2007 सालच्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले आहे की, खेळ शब्दांनी नव्हे तर नियमांनी युक्तिवाद करतो. आमच्या परिभाषेत सांगावयाचे तर खेळाचा अर्थ त्याच्या क्रियापदांत असतो. मग पहिला प्रश्न असा की, या खेळातील क्रियापदे कोणत्या प्रकारची आहेत?

उत्तर सोपे आहे: ती जवळजवळ सर्व प्रयोजक आहेत. व्यवस्थापनाच्या खेळात खेळणारा स्वतः भिंत बांधीत नाही, स्वयंपाक करीत नाही, पहारा देत नाही. तो बांधवितो, करवितो, देववितो. पाणिनीय परंपरेत कर्त्याला स्वतंत्र मानले आहे आणि त्याला प्रवृत्त करणाऱ्याला हेतू ही वेगळी संज्ञा दिली आहे. या व्यवस्थेतील मार्मिक भाग असा की, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम करणारा माणूस आपले कर्तृत्व गमावीत नाही. प्रयोजक वाक्यात दोन कर्ते असतात. मराठीनेही हा भेद सांभाळला आहे. 'मालकाने गवंड्याकडून भिंत बांधविली' या वाक्यात गवंडी 'कडून' घेऊन येतो आणि थापी 'ने' घेऊन येते. गवंड्याला थापीच्या रांगेत बसविले तर मराठी कानाला खटकते. व्यवस्थापनाच्या कोणत्याही खेळाची परीक्षा येथे व्हावी, असे आमचे मत आहे: त्यातला दुसरा कर्ता जिवंत आहे, की त्याचे करण होऊन गेले आहे?

आजच्या बोलीत 'बांधविणे', 'करविणे' ही रूपे मागे पडून त्यांच्या जागी तीन संयुक्त रचना आल्या आहेत, आणि या तिघींमध्ये फार उपयुक्त भेद आहे. *करून घेणे*, *करायला लावणे* आणि *करू देणे*. पहिलीत फायदा करविणाऱ्याचा, दुसरीत जोर करविणाऱ्याचा, तिसरीत इच्छा करणाऱ्याची. 'प्रिझन आर्किटेक्ट'मध्ये बंद्यांच्या चोवीस तासांचे वेळापत्रक खेळणारा तासातासाने आखतो: झोप, जेवण, आंघोळ, काम, मैदान, कोठडीबंदी आणि मोकळा वेळ. म्हणजे एकाच पट्टीवर या तिन्ही रचना शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत. कारखान्याचा तास *करून घेण्याचा*. तेथे बंदी मोटारींच्या क्रमांकपट्ट्या तयार करतात आणि त्या विकून कारागृहाला पैसा मिळतो. कोठडीबंदीचा तास *लावण्याचा*. मोकळा तास *देण्याचा*. त्यात बंदी नातेवाइकांच्या मुलाखतीला जातो, फोन करतो, किंवा उपद्व्याप करतो. कोणत्या तासांनी पट्टी भरायची, हे मूल ठरविते, आणि त्याचे फळ त्याला भोगावे लागते. सगळी पट्टी *लावण्याने* भरली की काही दिवसांत दंगल उसळते. सगळी *देण्याने* भरली की चमच्यापासून औषधापर्यंत सारे चोरीला जाते. खेळाच्या रचनाकारांना हे श्रेय दिलेच पाहिजे की, त्यांनी बंद्यांना भूक, झोप, स्वच्छता, कुटुंब अशा गरजा दिल्या, नाव दिले, गुन्हा आणि शिक्षेची मुदत लिहिलेली एकेक फाईल दिली. शिक्षणाचा वर्ग उघडला म्हणजे बंदी शिकतोच असे नाही. काही नापास होतात. दुसरा कर्ता येथे जिवंत आहे.

परंतु या खेळाचे पहिले प्रकरण पालकांनी मुलाच्या शेजारी बसून पाहावे, असे आम्ही आग्रहाने सांगू. खेळ कसा खेळावा हे शिकविणारा हा पहिला पाठ आहे. पाया कसा आखावा, दार कोठे ठेवावे, विजेची तार कशी ओढावी, हे एकेक करून त्यात शिकविले जाते. आणि जी खोली या पाठात बांधावयाची ती देहदंडाची खोली असते. पत्नीला आणि तिच्या प्रियकराला ठार मारणारा एक बंदी तिची वाट पाहत असतो; त्याची कथा छायाचित्रांसारख्या चित्रांतून मधून मधून उलगडते. मूल भिंत बांधते, दार बसविते, तार जोडते, आणि शेवटी विजेच्या खुर्चीला पुरेसा प्रवाह मिळतो की नाही ते पाहते. या साऱ्या पाठात 'मारणे' हे क्रियापद खेळणाऱ्याच्या वाट्याला एकदाही येत नाही. प्रत्येक पायरी निरुपद्रवी आहे. सहकाऱ्यांचा मुलगा हा पाठ संपल्यावर क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पण मी तर फक्त वायर जोडली." या एका वाक्यासाठी खेळाची किंमत वसूल झाली, असे आम्हांस वाटले. ज्या मुलाला हे वाक्य सुचते, अथवा सुचविल्यावर कळते, त्याच्यासाठी हा पाठ मोलाचा आहे. ज्याला ते अजून कळण्याचे वय नाही, त्याच्यासाठी तो नुसता तारा जोडण्याचा धडा ठरेल, आणि तेच अधिक चिंताजनक. लेबलावरचा 'हिंसा' हा शब्द या दोन मुलांत भेद करू शकत नाही. जाता जाता एवढे नोंदवावे की, विजेची खुर्ची ही अमेरिकेतील रीत आहे. आपल्याकडे देहदंड फाशीने होतो आणि त्याच्या अगोदर दयेच्या अर्जाची वाट असते. हा भेद मुलाला सांगावा लागतो; आपण होऊन त्याला तो कळत नाही.

यानंतरचा मुद्दा संख्येचा. या खेळात कारागृहाला प्रत्येक बंद्यामागे दररोज ठरावीक रक्कम मिळते. खेळणारा भरतीची दारे उघडतो, गाडी येते, कोठड्या भरतात, पैसा वाढतो. हवे तर सबंध कारागृह विकून त्या पैशांत नवे बांधता येते. साहजिकच माणूस हा मोजण्याचा विषय होतो. येथे मराठी भाषेने पालकांच्या हाती एक फार नाजूक मोजमाप दिले आहे. आपण वस्तू आणि जनावरे दोन, तीन, चार अशी मोजतो. माणसांसाठी मात्र दोघे, तिघे, चौघे ही वेगळी रूपे राखून ठेवली आहेत, आणि त्यापुढे पाचजण, सहाजण असे म्हणतो. नाम सोबत असेल तर 'चार माणसे' हेही चालते, म्हणून तेथून काही निष्कर्ष काढता येणार नाही. परंतु नाम गाळून नुसती संख्या बोलली गेली, की भेद उघडा पडतो. 'चार आले' म्हटले तर टेम्पो आले, खोके आले. 'चौघे आले' म्हटले तर माणसे आली.

प्रस्तुत लेखक दोन संध्याकाळी त्या मुलाशेजारी बसला. पहिल्या संध्याकाळी मुलगा म्हणत होता: "आज वीस घेतले." "चार मेले, पण उद्या गाडी आहे." दंगलीनंतर प्रेते उचलण्याचे काम त्याने कामकऱ्यांना दिले आणि लगेच स्वयंपाकघर वाढविण्याकडे वळला. दुसऱ्या संध्याकाळी मात्र एक प्रसंग घडला. कोठडीतल्या शौचकूपाखालून खणलेल्या भुयारातून काही बंदी निसटले, आणि मुलगा जवळजवळ आनंदाने ओरडला, "अरे, तिघे पळाले! कधी खणले त्यांनी?" *तिघे*, आणि *त्यांनी*. बंदी स्वतंत्रपणे काही करून बसले त्या क्षणी त्याच्या तोंडी मनुष्यवाचक संख्या आली आणि सकर्मक क्रियापदाला कर्ताही मिळाला. एका मुलाच्या दोन संध्याकाळींवरून सिद्धान्त मांडणे आमच्या शास्त्रात बसत नाही, आणि तसा आमचा दावाही नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणास हा विषय पुरेशा मुलांवर तपासून पाहावासा वाटला तर त्याचे स्वागतच होईल. तथापि पालकाला प्रबंध लिहावयाचा नसतो. त्याला कान द्यावयाचा असतो. आठवडाभर खेळूनही मुलाच्या बोलण्यात 'चार'चे 'चौघे' होत नसतील, तर खेळ काही काळ बाजूला ठेवावा, असे आम्ही म्हणू.

या खेळातच पळून जाण्याचा एक निराळा प्रकार आहे. त्यात खेळणारा स्वतःच बंदी होतो. थोड्या काळात फार बंदी मेले तर निष्काळजीपणाबद्दल व्यवस्थापकालाच तुरुंगात टाकण्याचा नियमही त्यात आहे. कल्पना म्हणून हे फार चांगले: करविणारा आता करणारा होतो. परंतु प्रत्यक्षात या प्रकारात कर्तृत्व म्हणजे भांडणे, चोरणे आणि रक्षकांना गुंगारा देणे एवढेच उरते. व्यवस्थापकाच्या खुर्चीवरून बंद्याच्या ज्या गरजा दिसत होत्या, त्या बंद्याच्या जागी आल्यावर दिसेनाशा होतात. हा खेळाचा सर्वांत उथळ भाग होय.

आता नियमांविषयी. अशा खेळातून मुलाच्या मनात जे राहते ते चित्र नव्हे, सूत्र. शेरी टर्कल यांनी 'सिमसिटी' खेळणाऱ्या एका शाळकरी मुलीचा उल्लेख केला आहे. तिने खेळातून शिकलेल्या नियमांची एक यादीच केली होती, आणि कर वाढविले की दंगली होतात, हा त्यांतला एक नियम होता. खेळात तो खराही होता. परंतु तो जगाचा नियम नव्हता. रचनाकाराने घातलेला होता. 'सिमसिटी'मागे जे फॉरेस्टर यांच्या 1969 सालच्या 'अर्बन डायनॅमिक्स' या ग्रंथाची प्रेरणा आहे, आणि त्या ग्रंथातील शहराच्या प्रतिमानावर मुळातच वाद झाले होते, हे त्या मुलीला कोण सांगणार? पॉल स्टार यांनी 1994 मध्येच या खेळांच्या मोहकतेवर लिहिताना याच धोक्याकडे लक्ष वेधले होते: मूल नियम वापरते, पण ते नियम त्याला पाहता येत नाहीत आणि त्यांच्याशी भांडताही येत नाही.

म्हणून खेळाच्या परीक्षणात तो काय म्हणतो यापेक्षा त्याला काय *म्हणताच येत नाही* याचा शोध अधिक फलदायी असतो. 'प्रिझन आर्किटेक्ट' मुक्त होणाऱ्या बंद्याला शिक्षा, सुधारणा, सुरक्षा आणि आरोग्य अशा चार सदरांत गुण देतो. केवळ पैसा मोजणाऱ्या खेळांच्या मानाने ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु त्यात दोन वाक्ये रचता येत नाहीत. पहिले: 'या बंद्याचा खटला अजून चालू आहे.' सकाळी गाडीतून उतरणारा प्रत्येकजण शिक्षा घेऊनच उतरतो. आपल्या देशात वस्तुस्थिती उलट आहे. 2022 च्या अखेरीस भारतातील कारागृहांतील बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते. या खेळावरून तुरुंगाची कल्पना करणाऱ्या मराठी मुलाला 'कच्चा कैदी' या शब्दाचा अर्थच लागणार नाही. दुसरे: 'या तुरुंगाला भिंत नाही.' खेळात कुंपण अपुरे ठेवले की बंदी निघून जातात, हा अटळ नियम आहे. आणि आपल्याच भागात, औंध संस्थानात, 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंतीवाचून वसाहत उभी राहिली. बंदी कुटुंबांसह तेथे शेती करू लागले. शांताराम यांच्या 1957 सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाचे बीज त्या प्रयोगातले, आणि त्याचे लेखन ग. दि. माडगूळकरांचे, म्हणजे त्याच माणदेशातल्या माणसाचे. मुलाला तो चित्रपट दाखवून मग विचारावे की, ही वसाहत तुझ्या खेळात बांधता येईल काय? तो प्रयत्न करील, फसेल. आणि बंदी पळाले ते त्यांच्या स्वभावामुळे की रचनाकाराने तसे लिहिले म्हणून, हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहील. पालकाच्या हातचे याहून चांगले साधन आम्हांस ठाऊक नाही.

याउलट भ्रमणध्वनीवर फुकट मिळणारे कित्येक व्यवस्थापन-खेळ घ्यावेत: शेत, हॉटेल, छोटेसे गाव. चित्रे गोजिरवाणी, वयाचा आकडा लहान, आईची हरकत नाही. त्यांचे व्याकरण तपासले तर मुलाच्या वाट्याला दोनच क्रियापदे येतात: वाट पाहणे आणि विकत घेणे. इमारत आठ तासांनी पूर्ण होईल, अथवा पैसे दिल्यास आत्ता. येथे दुसरा कर्ता तर नाहीच. करवितेपण मुलाकडून काढून घेतलेले असते, आणि प्रयोजक वाक्याचा कर्ता दुकानदार होतो. खेळ मुलाकडून करून घेतो. युरोपीय लेबलांवर 2018 पासून खेळांतर्गत खरेदीची खूण येऊ लागली, ती योग्यच झाली. पण नामांच्या यादीत ती आणखी एक नाम होऊन बसली आहे. तुरुंगाच्या नावाने दचकणाऱ्या घरांत हे गोजिरवाणे खेळ धाकट्या भावंडाच्या हाती बिनदिक्कत असतात, हे आम्ही त्याच घरी पाहिले.

सहकाऱ्यांना आम्ही दिलेले उत्तर असे. पंधरा-सोळा वर्षांच्या, वाचणाऱ्या आणि वाद घालणाऱ्या मुलास हा खेळ द्यावा. पहिल्या प्रकरणाला एका पालकाने शेजारी बसावे. पळून जाण्याचा प्रकार लागलीच उघडू देऊ नये. बारा-तेरा वर्षांच्या मुलास देऊ नये, आणि याचे कारण पडद्यावर दिसणारे रक्त हे नव्हे. त्या वयात अप्रत्यक्ष कर्तृत्वाची जबाबदारी कळणे कठीण असते, आणि हा सबंध खेळ तिच्यावरच उभा आहे. मुलाच्या आईंनी यावर विचारले की, एवढे बसून पाहायला वेळ कोणाला आहे? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर आमच्याजवळ नाही. पहिल्या दोन संध्याकाळी तरी वेळ काढावा, एवढेच आम्ही म्हणालो. त्यांनी तो काढला. भिंत नसलेली वसाहत बांधण्याचा मुलाचा प्रयत्न, या टिपणाचा मजकूर छपाईस जाईपर्यंत, तीन वेळा फसला आहे.